गोल कट्ट्यावरची रांग

त्या बुधवारचा सगळा घोळ आनंदातून झाला. दवाखान्याला नवी रबरी नळी आली होती, निळी, चांगली तीस हात लांब, आणि ती आल्यापासून ओळंबा मावशीला धीर धरवत नव्हता. एकोणीस वर्षं तिने दवाखान्याचं अंगण झाडलं होतं, शिंपडलं होतं, पण धुतलं एकदाही नव्हतं. धुवायचं म्हणजे साठ बादल्या पाणी आणि वर दोन दिवस कंबरदुखी. आता नुसती तोटी फिरवायची. मंगळवारी संध्याकाळी तिने नळी जोडून एकदाच पाणी सोडून पाहिलं. पाणी थेट अंगणाच्या टोकाला, फाटकाच्या लोखंडावर जाऊन आपटलं. त्या आवाजाने तिला हसू फुटलं, आणि कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून तिने मागे वळून बघितलं.

मागे कंपाउंडर उभा होता. नळी दवाखान्याची आहे, घरी न्याल, असं तो म्हणाला. घरी न्यायला माझ्या घराला अंगण कुठंय, असं ती म्हणाली, आणि नळीचं वेटोळं करून तिने खुंटीला अडकवलं. दोघांचं बोलणं वर्षानुवर्षं असंच चाले. त्याने टोचायचं, तिने बोथट करून परत द्यायचं.

ओळंबा हे नावही त्याचंच. भिंत सरळ उभी राहतेय का हे बघायला गवंडी दोरीच्या टोकाला जो लोखंडी लंबक सोडतो, तो ओळंबा. तिचा बाप गवंडी होता. लहानपणी ती दिवसदिवस त्याच्या दोरीचं दुसरं टोक धरून उभी असायची. दोरी ढिली पडली की बाप वर न बघताच म्हणायचा, "ताण." एवढा एकच शब्द. बाप गेला, त्याने बांधलेल्या भिंतींवर दुसऱ्यांचे रंग चढले, पण तो शब्द तिच्या मनगटात राहिला होता. कुठे काही वाकडं दिसलं की मनगट आपोआप आवळायचं.

दवाखान्यात ती तीन महिन्यांच्या बदलीवर आली आणि तिथलीच झाली. तेव्हा अंगणात पहाटेपासून मारामाऱ्या चालायच्या. कारण दवाखान्यात माणसांच्या आधी दगड यायचे. पहाटे फाटक उघडलं की लोक आत शिरून आपल्या नावाचा दगड ठेवत आणि घरी जात. कुणाला चूल पेटवायची असे, कुणाला पोरं शाळेत धाडायची असत, कुणाचा म्हातारा अजून दोन तास निजला तर बरा अशी गोष्ट असे. दगड त्यांच्या जागी उभा राही. दगड म्हणायचं इतकंच. विटेचा तुकडा, फुटकी बशी, तेलाचा डबा, एकच चप्पल, गाठ मारलेली पिशवी, काहीही चालायचं. पण हे सगळं अंगणभर विखुरलेलं असे, आणि नऊ वाजता ज्याचा आवाज मोठा त्याचा दगड पुढे निघे. एकदा तर रांगेतल्या दगडानेच रांगेतल्या माणसाचं डोकं फुटलं आणि दोन टाके आतल्या डॉक्टरांनीच घातले, बिननंबराचे.

मावशीने चौथ्या दिवशी बापाची दोरी आणली. फाटकाच्या खिळ्यापासून पायरीपर्यंत ताणून बांधली आणि जो येईल त्याला सांगितलं, दगड दोरीला चिकटला पाहिजे. मग रोज पहाटे तिचा नेम सुरू झाला. एकेक दगड उचलायचा, खालचं झाडायचं, दगड जागच्या जागी ठेवायचा. पन्नास दगड असोत की पाच. तिने हात लावलेला दगड तसूभर हलत नाही हे लोकांनी महिनाभर पाहिलं आणि मग बघायचं सोडून दिलं. मारामाऱ्या थांबल्या. बायका निवांत घरी जाऊन अंघोळ करून येऊ लागल्या. अंगणात भांडणाच्या जागी गप्पा आल्या, आणि कुणाच्या पोराला शाळेत कोण घालणार, कुणाचं औषध कुणाकडे उरलंय, हे रांगेतच ठरू लागलं.

दुसऱ्या वर्षी एका पहाटे पहिल्या जागी एक छान चौकोनी फरशीचा तुकडा दिसला. फाटक अजून उघडायचं होतं. किल्ल्या दोघांकडेच, तिच्याकडे आणि कंपाउंडरकडे. तिने तो तुकडा उचलला आणि भिंतीपलीकडे टाकून दिला. नऊ वाजता कंपाउंडर आपल्या सासऱ्याला धरून पायरीशी आला आणि तुकडा शोधू लागला. तेव्हा ती सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाली होती, "ज्याच्या कमरेला किल्ली, त्याचा दगड रांगेत नाही." सासरे बिचारे त्या दिवशी एकोणिसाव्या नंबरावर बसले. त्या संध्याकाळीच कंपाउंडरने तिला ओळंबा म्हटलं. टोमणा म्हणूनच म्हटलं, पण लोकांनी ते नाव मानाने उचललं. त्याचं हे दुसरं दुखणं.

असली ही ओळंबा मावशी. आणि त्या बुधवारी पहाटे साडेपाचला तिने फाटकाचं कुलूप काढलं, इकडेतिकडे पाहिलं, ओच्यातून एक हिरवट गुळगुळीत गोटा काढला आणि दोरीच्या अगदी सुरुवातीला, पहिल्या जागी, ठेवून दिला.

गोटा तिच्या जाऊबाईंचा होता. खरं म्हणजे चोरलेला होता.

दोघी एकाच घराच्या दोन खोल्यांत राहत. मध्ये भिंत, पुढे एकच ओटा, मागे एकच मोरी. थोरल्याला जाऊन सात वर्षं झाली होती, धाकटा, म्हणजे मावशीचा नवरा, बांधकामांच्या मागे गावोगाव फिरे. म्हणजे घरात दोघीच, आणि दोघींचं चार वर्षं बोलणं बंद. कारण घडलं होतं मावशीच्या लेकीच्या लग्नात. जाऊबाईंनी व्याह्यांना सांगितलं होतं की ही दवाखान्यात असते. एवढंच. व्याही आपल्या मनाने नर्स धरून चालले. ते चांगलं चालू असताना मावशी पंगतीच्या मधोमध म्हणाली, "मी तिथे झाडते." लग्न मोडलं नाही, लेक सुखात आहे, पण जाऊबाई घरी येऊन म्हणाल्या की तुला तोंड मिटून राहता येत नाही, आणि मावशी म्हणाली की तुम्हाला माझी लाज वाटते. त्यानंतर दोघींची तोंडं मिटली.

म्हणजे एकमेकींशी. जाऊबाई भांड्यांशी बोलत. मोरीवर दोघी समोरासमोर आल्या की त्या पातेल्याला सांगत, "काय रे बाबा, लोकांनी नळ सुरूच ठेवलाय." मावशी नळ बंद करी. कधी तांब्याला सांगत की आज कुणाचा तरी खोकला जास्त आहे, आणि संध्याकाळी ओट्यावर काढ्याची वाटी झाकून ठेवलेली सापडे. कुणी ठेवली ते तांब्यालाच ठाऊक.

जाऊबाई शिंप्याच्या दुकानाची काज-बटणं घरी करत. तीस वर्षं केलेला हात. हिरवा गोटा कापडावर दाब ठेवायचा. पण गेल्या वर्षापासून त्यांच्या डोळ्यांवर साय धरली होती. मावशी ओट्यावरून बघे. सुईचं नेढं त्या जिभेने चाचपत, दोरा दहादा चुकवत, अकराव्यांदा ओवत. मागच्या आठवड्यात दुकानातून सहा सदरे परत आले. सगळी बटणं चुकीच्या पट्टीवर लावलेली. मालक स्वतः येऊन सांगून गेला की पुढच्या कामाचं महिन्याभराने बघू. तो गेल्यावर जाऊबाई भांड्यांशीही बोलल्या नाहीत. ती शांतता भिंतीतून आरपार आली आणि मावशीला रात्रभर टोचत राहिली.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई महिन्यातून एकदा, पहिल्या बुधवारी येत. दोन वाजता त्यांची गाडी पुढच्या गावाला निघे, म्हणून फक्त चाळीस जणांना तपासत. एकेचाळिसाव्याने पुढच्या महिन्यात यायचं आणि पुन्हा पहाटेपासून नंबर धरायचा. जाऊबाईंना अंधारात पाऊल टाकवत नव्हतं आणि कुणाला सांगायची जीभ रेटत नव्हती. म्हणून मावशीने मंगळवारी त्यांच्या खिडकीतला गोटा उचलला आणि पहाटे निघताना शेजारणीला निरोप देऊन ठेवला की त्यांना नऊच्या सुमाराला दवाखान्यात घेऊन ये, कुणी सांगितलं ते सांगू नकोस.

गोटा ठेवला तेव्हा तिचं मनगट आवळलं. तिने दुसऱ्या हाताने ते चोळलं आणि केरसुणी घेतली.

सातपर्यंत अंगण भरलं. पाववाला नेहमीप्रमाणे सगळ्यांत आधी आला. त्याने भट्टीच्या काळ्या विटेचा तुकडा टाकला आणि आपल्या सायकलीवरून पाव पोचवायला निघून गेला. मग मास्तर आले, मग वेल्डर, मग बायका. शेवटी सात वाजता इस्त्रीच्या सदऱ्यातला एक गृहस्थ तेलाचा रिकामा डबा ठेवून गेला. सत्तेचाळीस झाले. लोक घरी पांगले. अंगणात ती आणि दगड.

आणि खुंटीवर निळी नळी.

दीड तास हातात होता. ऊन कोवळं होतं. एकदा धुतलेल्या अंगणातून चाळीस आजारी माणसं चालत जातील या कल्पनेनेच तिला भरून आलं. पण दोरीला लागून दगड, पिशव्या, चपला. पाणी मारलं तर सगळं वाहून जाईल. उचलून ठेवायचे तर उंच आणि कोरडी जागा एकच, अंगणाच्या मध्यावरच्या झाडाभोवतीचा गोल कट्टा. तिने पदर खोचला. पहिला गोटा उचलून कट्ट्यावर ठेवला, त्याला लागून वीट, तिला लागून मास्तरांचा पाटीचा तुकडा, असं एकाला एक चिकटवत ती झाडाभोवती फिरत गेली. शेवटचा तेलाचा डबा ठेवला तेव्हा तो हिरव्या गोट्याला जाऊन टेकला. बोटभरसुद्धा जागा उरली नाही. जणू कट्टा मापून बांधला होता. तिला असा काही आनंद झाला की ती दोन पावलं मागे सरून नुसती बघत राहिली.

मग तिने अंगण धुतलं. एकोणीस वर्षांचं धुतलं. फरशांच्या फटींतून काय काय निघालं, बाटल्यांची बुचं, बटणं, एक दुधाचा दात. खालून फरशीचा मूळ रंग वर आला, फिकट लाल, जो तिने कधी पाहिलाच नव्हता. ती चिंब भिजली. कंपाउंडर आला तो पायरीपाशी थबकला आणि त्याने आपणहून चपला हातात घेतल्या. त्याने तसं केलं हे तिने नंतर कितीतरी जणांना सांगितलं.

साडेआठला लोक परतले. ओल्या लाल अंगणाचं आधी कौतुक झालं. मग कुणीतरी विचारलं की दगड कुठेत. तिने कट्ट्याकडे बोट दाखवलं, चांगल्या मोठ्या तोंडाने सांगितलं की एकही पुढेमागे झालेला नाही, जसे होते तसेच आहेत. लोक झाडाभोवती जमले. आपापला दगड सापडला. आपल्या अलीकडचा कोण, पलीकडचा कोण, तेही बरोबर.

"पण सुरू कुठून होते?" वेल्डरने विचारलं.

सगळे गोल फिरले. एक चक्कर झाली, दोन झाल्या. सत्तेचाळीस वस्तू एकमेकींना टेकून बसल्या होत्या आणि त्यात पहिली कुठली, शेवटची कुठली, हे सांगणारं काहीच नव्हतं. मावशीचा ओला पदर एकदम गार लागू लागला.

आधी इस्त्रीच्या सदऱ्याने घसा साफ केला. सुरुवात आपल्या डब्यापासून, असं तो म्हणाला. तुम्ही सातला आलात, मी बघितलं, असं एका बाईने सांगितलं. तो म्हणाला की सातला मी दुसऱ्यांदा आलो, डबा नीट आहे ना हे बघायला. यावर लोक हसले, पण त्याच्या आधीचा जो होता, चपलेवाला, त्याचं हसू अर्ध्यावर थांबलं. डबा पहिला असेल तर मी डब्याच्याही आधी आलोय, असं त्याने सांगितलं, आणि ते खरंच होतं. मग चपलेच्या आधीची पिशवी बोलली. पिशवीच्या आधीचा माठाचा तुकडा बोलला. रांगेचं डोकं एकेक दगड मागे सरकू लागलं, आणि ते जसजसं मागे सरकलं तसतसे पलीकडचे लोक एकेक करून चाळिशीच्या बाहेर पडू लागले. तेही मग गप्प बसेनात. बघता बघता प्रत्येकाचा दगड पहिला झाला.

पहिल्या दहांत खरोखर कोण होतं हे कुणी तरी सांगेल म्हणावं, तर सगळी रांगच डोळ्यांची. अंधारात चष्म्यावाचून कुणाला पुढचं धड दिसलेलं नव्हतं. मास्तर प्रामाणिकपणे म्हणाले की माझ्यापुढे दोन होते, का एकच होतं आणि मला दोन दिसलं, हे तपासायलाच तर मी आलोय. पाववाला अजून सायकलीवर. दोघांनी एकमेकांच्या छातीवर हात ठेवले. एकाने कट्ट्यावरची बशी उचलली आणि चारजणांनी त्याचा हात धरला. एकोणीस वर्षांनी अंगणात तो जुना आवाज परत आला, दगड हातात घेतलेल्या माणसांचा.

कंपाउंडर पायरीवर उभा राहून बघत होता. त्याने टाळी वाजवली.

"अहो, भांडता कशाला? ओळंबा आहे की आपल्याकडे. त्यांनीच एकेक उचललेत. मावशी, पहिला कुठला?"

पंचेचाळीस माणसं, आणि जितके धड होते तितके सगळे डोळे तिच्यावर.

वीट म्हणायचं, बस. तिच्या डोक्यात ते लख्ख होतं. वीट पहिली असं म्हटलं की गोटा आपोआप शेवटचा होईल. सगळ्यांना आपापला खरा नंबर मिळेल, आणि तिने काय केलं ते कुणाला कळणार नाही. किंवा गोटा म्हणायचं, कुणाचा ते ठाऊक नाही म्हणायचं, आणि नऊ वाजता जाऊबाई येऊन त्याच्यावर हात ठेवतील. तेही कुणाला कळणार नाही. दोन्ही रस्ते गुळगुळीत होते. तिने वीट म्हणायला तोंड उघडलं. मनगट असं आवळलं की बोटं पांढरी पडली.

"पहिला हा हिरवा गोटा," ती म्हणाली. "पण तो धरू नका. तो मी ठेवला. फाटक उघडल्या उघडल्या, कुणी यायच्या आत. माझ्या जाऊबाईंसाठी. त्याच्यामागची वीट खरी पहिली."

झाडावरून एक थेंब डब्यावर पडला, टण्ण.

कंपाउंडरने सतरा वर्षं या क्षणाची वाट पाहिली होती. तो पायरी उतरला, सावकाश, चपला अजून हातातच, आणि म्हणाला, "म्हणजे ओळंबाही वाकतो."

"वाकला," ती म्हणाली. तिने गोटा उचलला. भिंतीपलीकडे टाकायला तिचा हात वरही गेला, कारण नियम तोच होता आणि तो तिनेच केला होता.

"माझी वस्तू आहे ती," फाटकाकडून आवाज आला. "टाकायची तर मला विचारून."

शेजारणीच्या खांद्यावर हात ठेवून जाऊबाई उभ्या होत्या. कधीच्या आल्या होत्या कुणास ठाऊक. त्या चाचपत पुढे आल्या, ओल्या फरशीवर एकेक पाऊल ठेवत, आणि नळाखालच्या बादलीपाशी थांबल्या. मग बादलीला म्हणाल्या, "ऐकलंस ना बाई? सकाळपासून मी गोटा शोधतेय, कॉटखाली सुद्धा झाडून काढलं. आणि तो इथे नंबर लावून बसलाय. बरं, चोरून आणला तो आणला, तर गप्प तरी बसावं. पण नाही. काही माणसांना तोंड मिटून राहताच येत नाही."

मास्तरांनी बादलीकडे पाहिलं, मग जाऊबाईंकडे, आणि ते खिशात चष्मा शोधू लागले. कुणीतरी फिस्सकन हसलं. मग हसणं झाडाभोवती गोल पसरलं, आणि ज्यांनी एकमेकांच्या छातीवर हात ठेवले होते त्यांनी ते काढून घेतले.

या हसण्याने कंपाउंडरचंही काय झालं कोण जाणे. त्याने जाऊबाईंच्या डोळ्यांकडे जवळून पाहिलं. दोन्ही बुबुळांवर दुधाळ पडदा. तो जरा खालच्या आवाजात म्हणाला की गाडी दोनला निघते, त्याआधी पाच मिनिटं मी बाईंना सांगतो, तुम्ही मागच्या दाराने या.

"मागचं दार माझ्या घरालाही आहे," जाऊबाई म्हणाल्या. "त्यातून आम्ही कचरा नेतो."

मग त्यांनी हात पुढे केला. मावशीने गोटा त्यांच्या तळव्यावर ठेवला. त्यांनी तो चाचपून पाहिला आणि शेजारणीला विचारलं की शेवट कुठे आहे. शेजारणीने त्यांचा हात तेलाच्या डब्यापलीकडे नेला. गोटा जिथे होता तिथेच, डबा आणि वीट यांच्या मध्ये, परत जाऊन बसला. तोच गोटा, तीच जागा. मघाशी पहिला होता, आता सत्तेचाळिसावा.

मावशी त्या जागेकडे बघत राहिली, आणि तिथे तिच्या डोक्यात काहीतरी उजेड पडल्यासारखं झालं. तिने नळी बंद केली, जी कधीची वाहत होती. खडू मागितला. मास्तरांच्या खिशात चष्मा नव्हता पण खडू होता.

"दोरी नको," ती म्हणाली. तिला धाप लागली होती. "दगड परत खाली आणायचेच नाहीत. इथेच राहू द्या. आज बाई चाळिसाव्यापाशी थांबतील ना, तिथे मी रेघ मारते. पुढच्या महिन्यात रेघेपासून सुरू. उरलेल्या सातांनी पुन्हा पहाटे धावत का यायचं? त्यांचे दगड कट्ट्यावर राहतील. नवीन येईल तो त्यांच्यामागे. गोलच फिरू द्या ना."

कंपाउंडर म्हणाला की असं कुठे असतं का, महिनाभर दगड राखणार कोण. राखायचे काय, रोज उचलून खालचं झाडणारी मीच आहे, असं ती म्हणाली. पाऊस, वारा, कुत्री, त्याने एकेक काढलं. आणि तेव्हा इस्त्रीचा सदरा पुढे झाला. शेहेचाळिसाव्या नंबरावर आल्यापासून त्याला ही योजना फार पटली होती. हे अत्यंत न्याय्य आहे, असं तो म्हणाला, आणि दुसऱ्यांदा डबा बघायला येणाऱ्या माणसाच्या तोंडी तो शब्द ऐकून लोक पुन्हा हसले. पण हसत हसत हात वर झाले. फुटक्या बशीच्या म्हातारीने दोन्ही वर केले. गोटा मागे गेल्याने ती एकेचाळिसावरून चाळिसावर आली होती आणि अजून तिला ते खरं वाटत नव्हतं. मावशीने तिच्या बशीनंतर कट्ट्यावर ठळक पांढरी रेघ ओढली. आयुष्यात पहिल्यांदाच तिने वाकड्या जागेवर रेघ मारली होती, आणि मनगट सैल होतं.

तेवढ्यात सायकलची घंटी वाजवत पाववाला आला. गर्दी बघून घाबरला. त्याने धापा टाकत एवढंच विचारलं की मी पहिला आहे ना. पहाटे पुढचा गोटा त्याला दिसलाच नव्हता. अख्खं अंगण का हसतंय हे त्याला कळेना, पण आत बोलावणं आलं आणि तो तसाच पिठाच्या हातांनी गेला.

घरी परतताना दोघी एकाच रस्त्याने चालल्या, कारण दुसरा रस्ता नव्हता. ओल्या पदराने मावशी कुडकुडत होती. अर्ध्या वाटेवर जाऊबाईंनी तिचं कोपर धरलं, दिसत नव्हतं म्हणून. त्या म्हणाल्या, आणि या वेळी आसपास भांडं कुठलंच नव्हतं,

"महिना कसा काढायचा ते सांग. काज माझी बोटं करतात, त्याला डोळा लागत नाही. पट्टी उलटी की सुलटी तेही चाचपून कळतं, त्या दिवशी घाईत चुकलं. पण सुई ओवत नाही गं."

"किती लागतात दिवसाला?"

"तीस."

दुसऱ्या दिवशी पहाटे, फाटक उघडायला निघण्याआधी, मावशीने दिव्याखाली बसून तीस सुया ओवल्या. पांढऱ्या दोऱ्याच्या वीस, काळ्याच्या दहा. कापडाच्या गादीत एका ओळीत खोचल्या आणि गादी ओट्यावर ठेवली. शिंप्याकडे ती स्वतः गेली आणि काय सांगायचं ते सांगून दोन डझन सदरे घेऊन आली. संध्याकाळी गादी रिकामी होऊन ओट्यावर परत आलेली असे. एक दिवस ओळीतल्या दोन सुया तिरप्या लागल्या, तर भिंतीपलीकडून आवाज आला, "आज ओळंबा झोपेत होता वाटतं." मावशी एकटीच हसली, आणि या खेपेला तिने मागे वळून बघितलं नाही.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या बुधवारी तिने फाटक उघडलं तेव्हा तिच्या कोपराला धरून कुणीतरी सोबत होतं. कट्ट्यावर पांढऱ्या रेघेपलीकडे सात दगड बसलेले होते, दवाने ओले. तिने एकेक उचलून खालचं झाडलं आणि जागच्या जागी ठेवला. मग सायकल वाजली. पाववाला अंधारातून आला, शेवटच्या दगडाला लावून त्याने आपली वीट ठेवली आणि सवयीने विचारलं,

"पहिला ना मी?"

"आठवा," कट्ट्यावरून, हिरव्या गोट्याशेजारी बसलेल्या जाऊबाई म्हणाल्या. "सातवी मी."